कॅम्प पाचमधलं दुपटं

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही काही कोणी हौसेने बघायला जावीत अशी गावं नाहीत. आमच्या कराडातली माणसं काशीला जातात, कन्याकुमारीला जातात आणि आल्यावर महिनाभर सांगत बसतात. मी गेले होते ती माझी एक वस्तू परत आणायला. १९८९चा जानेवारी होता. सहा दिवस राहिले, तीन तऱ्हेची भाषा ऐकली, समोर येईल ते खाल्लं, आणि ज्या वस्तूसाठी गेले होते ती घेऊन आले. प्रवास कसा झाला असं कुणी विचारलं की मी ‘झाला’ एवढंच म्हणायची. आता नीट लिहून काढते आहे, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे माझ्या तोंडून निघालं नाही.

वस्तू म्हणजे एक दुपटं, तान्ह्या मुलाला गुंडाळायची छोटी गोधडी. माझी आई गोधड्या शिवायची. वडील गेल्यावर आमचं घर त्यावरच चाललं. चौदा वर्षांची असल्यापासून मी त्या गोधड्या डोक्यावर घेऊन उंब्रज आणि मसूरचा बाजार करायची. विकताना मालाला नावं ठेवणाऱ्याला गप्प कसं करायचं, आणि घेताना आपण आधी मालाला नावं कशी ठेवायची, हे मी उन्हात उभी राहून शिकले. पुढे एस. टी. स्टँडजवळ दुकान घातलं. आईने शिवलेली प्रत्येक गोधडी मी विकली. राहिलं ते एक दुपटं. माझी धाकटी बहीण शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा आईने तिच्यासाठी शिवलेलं. शालन ते घेऊन सासरी अंबरनाथला गेली. मला मूल झालं नाही, त्यामुळे माझ्या नावाचं दुपटं आईने शिवलंच नाही. आई गेली, आणि तिच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही हे एक दिवस कपाट आवरताना लक्षात आलं.

शालनला पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘आक्का, दुपटं सध्या गोपी आंटीकडे आहे.’ पुढच्या वेळी आलं, ‘सध्या बुधीच्या लेकीकडे गेलंय.’ आईची शेवटची वस्तू परक्या घरांतून फिरत होती आणि शालन मला ते ऊनपावसाची बातमी द्यावी तसं कळवत होती. मग मी त्या गोपीचा पत्ता मागवला आणि तिलाच कार्ड टाकलं. हिंदी मला बोलता येतं, लिहिताना अडतं. दुपट्याला हिंदीत दुपट्टाच म्हणत असणार असं धरून लिहिलं, ‘मेरी माँ का दुपट्टा आपके पास है. उस पर मेरा हक है. वापस करना.’ उत्तर आलं नाही. सहा महिने वाट बघितली आणि गाडीत बसले.

अंबरनाथ, रविवार

स्टेशनबाहेर टांगे उभे होते. टांगेवाल्याने सांगितलेलं भाडं मी निम्म्यावर आणलं तेव्हा तो म्हणाला, “बाई, घोड्याला पण विचारा, त्याला परवडतंय का.”

“विचार की,” मी म्हटलं. “तुझ्यापेक्षा तोच शहाणा दिसतोय.”

तो हसला आणि त्याने नेलं, पण चाळीच्या बरंच अलीकडे सोडलं. भाड्यात हरला, अंतरात वसूल केलं. मला तो माणूस आवडला.

शालनची चाळ पूर्वेला. पुढे मोरी, मागे मोरी, मध्ये दोन खोल्या, पण दारात तुळस, अबोली आणि एक कढीपत्त्याचं झाड डब्यात वाढवलेलं. तिचा नवरा कारखान्यात फिटर. मुलं मोठी झाली होती. तिने मला चहा दिला, पोहे दिले, शेजारणी दाखवल्या, आणि दुपट्याचा विषय निघतोय असं वाटलं की उठून काहीतरी आणायला जाऊ लागली. शेवटी म्हणाली, “चल, तुला देऊळ दाखवते.”

अंबरनाथचं शंकराचं देऊळ खरंच बघण्यासारखं आहे. सगळं काळ्या दगडाचं, आणि भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि उतरताना गारवा अंगावर येतो. आमच्या आगाशिवच्या लेण्यांत डोंगर आधी दिसतो, काम मागाहून. इथे कामच काम. काही मूर्तींची नाकं-डोळी वाऱ्यापावसाने गेलीत, पण कमरेवरची मेखला, पायातला वाळा अजून मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे. मागच्या ओढ्याचं पाणी मात्र त्या दिवशी निळसर होतं. शालन म्हणाली, “परवा तांबडं होतं.”

देवळाच्या ओट्यावर बसून तिने सांगितलं. “दुपटं आता वर्षासाठी ठेवलंय. गोपी आंटीची सून. तिची दोन मुलं पोटात गेली, आक्का. हे तिसरं आहे, दिवस भरलेत. तिला सांगून ठेवलंय की दुपटं तुझ्याच घरात आहे, आता काही होत नाही. तिचं होऊ दे. सव्वा महिन्याने मी स्वतः कराडला घेऊन येते.”

“म्हणजे माझ्या आईच्या दुपट्यासाठी आता मी नंबर लावायचा?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? कुणाला विचारून दिलंस?”

शालन ओट्यावर वाळत घातलेल्या बेलाच्या पानांकडे बघत राहिली. ती लहानपणापासून अशीच. मी रागावले की ती गप्प बसते, आणि मला वाटतं मी जिंकले.

उल्हासनगर कॅम्प पाच, सोमवार

कॅम्प म्हणजे लष्कराच्या जुन्या बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना त्यांत जागा मिळाली आणि ती तिथेच राहिली. एकेका लांबलचक बराकीचे इतके तुकडे झालेत की छप्पर एक, पण खाली दर दहा पावलांवर वेगळा रंग, वेगळं दार, वेगळा धंदा. एका दारात पापड वाळत होते, दुसऱ्यात कंगव्यांचे गठ्ठे बांधत होते, तिसऱ्यात शिलाई मशीनचा आवाज. माझ्यातली दुकानदारीण खूश झाली. रिकामा बसलेला माणूस मला तिथे दिसला नाही.

गोपी आंटी दारात उभी होती. साठीची, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी सलवार-कमीज. “आओ अदी, बसा. अदी, पहले पानी पियो. अदी, पंखा लगाऊं?”

मला वाटलं, बाई भलतीच शिस्तीची. सगळं ‘आधी’ करायला सांगते. शालन कानाशी लागून म्हणाली, “अदी म्हणजे बहीण, आक्का. त्यांच्यात तसं म्हणतात.”

पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. आपल्याकडे पापड जेवणाच्या पानात वाढतात, दारात आलेल्याला गूळपाणी किंवा चहा. इथे पाहुणा टेकला की आधी पापड-पाणी. मिऱ्याचा, खरपूस भाजलेला. माझा राग तोंडाला कुलूप लावण्याइतका नव्हता, मी चार खाल्ले. मग दाल-पकवान आलं. कडक तळलेली मोठी पुरी, वर हरभऱ्याच्या डाळीचं दाट वरण, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. वर्षा वाढत होती. एक हात कमरेवर, पाय सुजलेले, चेहरा लहान पोरीसारखा. ती वाकली की गोपी म्हणायची, “तू बैठ. मेरे हाथ अभी चलते हैं.”

दोघींची ओळख काज-बटणांतून झाली होती. शालनच्या नवऱ्याचा कारखाना एका हिवाळ्यात बंद होता, तेव्हा ती मूल कडेवर घेऊन इथे यायची, शर्टांचे गठ्ठे न्यायची, काज-बटण करून आणायची. मुलाचं दुपटं एका कडेने फाटलेलं गोपीने बघितलं आणि न विचारता दुरुस्त करून दिलं. पुढच्या वर्षी गोपीची मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा शालनने ते दुपटं इकडे दिलं. मग बुधीच्या लेकीला दिलं. बुधी ही बारवी धरणाकडच्या ठाकरवाडीतली, भाजीचा भारा घेऊन अंबरनाथला येणारी. तिने शालनच्या मुलाला तेल लावून न्हाऊमाखू घातलं होतं. असं करत करत नऊ मुलं त्यात निजली. दुपटं परत येताना प्रत्येक घराने त्यावर काहीतरी शिवून पाठवायचं, अशी रीत आपसूक पडली होती.

गोपीने पेटी उघडली आणि दुपटं माझ्यासमोर चटईवर पसरलं.

मी ओळखलंच नाही. आईच्या इरकलीचे निळे आणि काळे चौकोन कुठे कुठे दिसत होते. त्यांच्यावर लाल-पिवळ्या दोऱ्याच्या चांदण्या भरलेल्या होत्या, तो सिंधी टाका. एका कडेला तांबड्या लुगड्याची पट्टी, ती बुधीच्या घरची. आणि मधोमध, वीतभर, एक विटलेलं गुलाबी तलम कापड, बारीक जरीची कड असलेलं.

सिंधी टाका मी त्याआधी फक्त विकायला आलेल्या कपड्यांवर बघितला होता. गोपीने कसा घालतात ते दाखवलं. आधी मोजून दोऱ्यांचा एक सांगाडा घालायचा, चौकटीसारखा. मग दुसरा दोरा त्या सांगाड्याच्या खालून-वरून विणत न्यायचा. हा दुसरा दोरा कापडात शिरतच नाही, सांगाड्यालाच धरून राहतो. गोपीला आता धागे मोजता येत नाहीत, डोळे गेलेत. म्हणून सांगाडा शालन घालते, आणि भरते गोपी, बोटांनी चाचपत.

“बीस साल मैंने सोचा, ये काम मेरे साथ जाएगा,” गोपी म्हणाली. “फिर ये आली. गिनती इसकी, हाथ मेरा.”

मग तिने माझं बोट धरून त्या गुलाबी कापडावर ठेवलं. “ये देखो, अदी. ये तुम्हारे वास्ते.”

आता इथे माझं काय झालं ते प्रामाणिकपणे लिहिते. चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे, की समोरचा आपल्या मालावर आपला हात फिरवून घेतो तेव्हा तो भाव सांगायच्या तयारीत असतो. त्याने तोंड उघडायच्या आत मालाचा दोष काढायचा. मी ते कापड चिमटीत धरलं आणि म्हटलं, “विटलंय. जुनं आहे. दोन धुण्यांत जाईल. हे कशाला लावलं मध्येच?”

गोपीने हात मागे घेतला. शालन म्हणाली, “आक्का.”

“आक्का काय? मला कापडातलं कळतं.”

त्यानंतर मी माझं बोलले. तीन नवी दुपटी करून देते, दुकानातल्या उत्तम कापडाची, पण हे मला शुक्रवारच्या गाडीने न्यायचं आहे. गोपी म्हणाली, वर्षाचं होऊ दे, मग खुशाल घेऊन जा. मी चार दुपटी म्हटलं. ती म्हणाली, एकही नको. नको म्हणणारा माणूस मला नेहमी वाढवून मागणारा वाटतो. बुधवारी येते म्हणून मी उठले. निघताना तिने माझ्या पिशवीत पापडाची एक पुडी घातली, ती मी काढून ठेवली नाही.

बदलापूरच्या पुढे, मंगळवार

मंगळवारी सकाळी बुधी शालनकडे भाजी घेऊन आली. तिला सगळं कळलेलं होतं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तूच काय ती दुपट्यावाली? चल माझ्या घरला. नातू दावते.”

बदलापूरहून बारवीच्या धरणाकडे जाणारी एस. टी. धरली. उतरून तासभर चाललो. भात कापून गेलेलं, खाचरं कोरडी, बांधावर वाल. डोंगर जवळ आला की हवा बदलते, आणि माझ्या कानात दोन दिवस घुमणारी मशीनं एकदम थांबली. वाडी दहा-बारा घरांची, कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली. बुधीचा नातू दीड वर्षाचा, धुळीत बसून कोंबडीशी भांडत होता.

“ह्यो तुझ्या आईच्या दुपट्यात निजलाय,” बुधी म्हणाली. “दोन महिने सर्दी नाय, काय नाय.”

तिने तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि वालाची आमटी केली. भाकरी मी थापते म्हणाले. भाकरी मला काय नवीन? पण ज्वारीचं पीठ ऐकतं तसं तांदळाचं ऐकत नाही. माझी पहिली भाकरी हातातच फाटली, दुसरी तव्यावर पडताना दुमडली.

“ज्वारीचा हात हाय तुझा,” बुधी म्हणाली. “लय दाबतेस. सोडायला शीक.” घरातल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. पाच मिनिटं मी कशासाठी आले होते ते विसरले होते.

जेवण झाल्यावर तिने मला नदीकाठचा दगड दाखवला. “आमाला कुठं येतोय तसला टाका? धुवायचं काम माझं. दर वेळेला हितंच, राखेच्या पाण्यात. कुणाला आपटू देत नाय.” मग म्हणाली, “ऐक माझं. त्याच्या पोटातलं गेलंय. तुझ्या आईचं कापड पार विरलंय, दोरा कुजलाय. वरच्या टाक्यांनी धरलंय म्हणून दुपटं हाय. ते तू घेऊन गेलीस, तरी वापरायचं नाय, नुसतं ठेवायचं.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, शिकवून पाठवलंय हिला. माल कुजका आहे म्हणजे गिऱ्हाईक निघून जाईल. हे मीही करते.

पुन्हा कॅम्प पाच, बुधवार

सकाळी अकराला आम्ही गेलो. शालन होती, बुधी भाजी विकून थेट आली होती, वर्षा दारापाशी खुर्चीत बसलेली. पापड-पाणी आलं. मी पापडाला हात लावला नाही.

गोपी तेच म्हणाली, सव्वा महिना थांबा. मी म्हटलं, माझा कुणावर विश्वास नाही, दुपटं इकडे येऊन अकरा वर्षं झाली. शालन म्हणाली, अकरा वर्षांत तू एकदा तरी माझ्या घरी आलीस का? मग माझा तोल गेला. आई आजारी असताना कोण उठत होतं, औषधपाणी कोण बघत होतं, हे सगळं मी त्या परक्या घरात, त्या जड पावलांच्या पोरीसमोर काढलं. शेवटी म्हटलं, “हे माझ्या आईचं आहे. तुमचं यात जे असेल ते तुम्ही काढून घ्या. उसवा. तुमचं तुम्हाला, माझं मला.”

वर्षा हलक्या आवाजात म्हणाली, “मम्मी, रहने दो. दे दो ऐसेच.”

गोपीने चष्मा पुसला, सुई घेतली आणि दुपटं मांडीवर ओढलं. “नहीं. अदी बोलती है ना, जिसका उसको.”

तिचा दोरा कापडात शिरलेलाच नव्हता. एकेका चांदणीचं टोक सुईने सोडवलं की पूर्ण चांदणी एका ओढीत निघून यायची, आणि खाली शालनचा सांगाडा उघडा पडायचा. मग ते दुपटं शालनकडे. तिने आपले टाके कातरले. मग बुधीने तांबडी पट्टी दाताने धागा तोडून काढली. मी कधीही म्हणू शकले असते, पुरे, राहू द्या. पण सौद्यात मी नेहमी गप्प बसून समोरच्याला आधी बोलायला लावते. मी वाट बघत होते की आता गोपी म्हणेल, थांबा, चार नवी दुपटी द्या आणि हे राहू द्या. माझी तयारी होती. पाचसुद्धा दिली असती.

ती बोलली नाही. चौथ्या-पाचव्या चांदणीनंतर आईचा निळा चौकोन शालनच्या हातात नुसता सुटून आला. मग दुसरा. आत घातलेलं धोतर भुशासारखं चटईवर सांडलं. आईचा धावदोरा काढायची गरजच पडली नाही, बोट लागलं की तुटत होता. तासाभराने माझ्यासमोर चिंध्यांचा एक लहान ढीग होता. गुलाबी तुकडा गोपीने सगळ्यात शेवटी काढला, मुठीत घेतला आणि आत गेली.

बुधीने ढीग गोळा करून एका पंचात बांधला आणि गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. “घे. तुझं,” म्हणाली.

परतताना रिक्षात शालनने सांगितलं.

“तुझं कार्ड आलं ते वर्षाने वाचून दाखवलं. माँ का दुपट्टा. त्यांच्यात दुपट्टा म्हणजे ओढणी, आक्का. गोपी आंटीला वाटलं, तुझ्या आईची ओढणी आपल्या घरात राहिली. दोन दिवस पेट्या काढून शोधलं. मिळाली नाही. मग म्हणाली, कुणी आईच्या ओढणीसाठी एवढ्या लांबून लिहीत असेल तर तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तिच्या आईची नाही तर माझ्या आईची. तिची आई सिंधहून आली तेव्हा डोक्यावर जी ओढणी होती, तिचा तुकडा कापून मध्ये लावला. मला नंतर दाखवलं. मी सांगितलं की आक्काला दुपटं म्हणायचं होतं. तेव्हा खूप हसली. म्हणाली, आता लावलाय तर राहू दे, ती आली की मीच दाखवीन.”

“तू सोमवारी का नाही सांगितलंस?”

“तू विटलंय म्हणालीस. त्याच्यावर काय सांगू?”

अंबरनाथ, गुरुवार आणि शुक्रवार

गुरुवारी सकाळी मी शालनची जुनी मऊ पातळं मागून घेतली आणि दुपटं शिवायला बसले. चूक झाली तर भरून द्यायची, एवढं मला येतं. दुकान उघडल्यापासून मी स्वतः सुई धरली नव्हती, पण हात विसरले नव्हते. दिवसभर मान वर केली नाही. आईसारखा बारीक धावदोरा, चारी कोपऱ्यांना फुलं. शालन जा-ये करत होती. तिने मला जेवायला वाढलं, चहा दिला. सुई ओवून देऊ का असं मात्र विचारलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. दुपारी निरोप आला की वर्षाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

शुक्रवारी सकाळी आम्ही प्रसूतिगृहात गेलो. वर्षा झोपली होती. गोपी पलंगाशेजारी स्टुलावर बसलेली, मांडीवर नात. बाळ आजोबांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं होतं. चांगलं टपोरं, काळंभोर जावळ. दुपट्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी आणखी काहीतरी वाटलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या वस्तूत मूल राखणारं असं काही नव्हतंच, हे कळल्यावर मी काय उसवायला लावलं ते जास्त नीट दिसलं.

मी माझं दुपटं पुढे केलं. गोपीने एका हाताने उलगडलं. डोळ्यांजवळ नेलं, मग बोटांनी कडा चाचपल्या, कोपऱ्यांची फुलं चाचपली.

“बहुत अच्छा है,” ती म्हणाली. “किस किस का हाथ है इसमें?”

“माझा,” मी म्हटलं. “अकेली का.”

तिने ते व्यवस्थित घडी घातलं, घडीला घडी जुळवून, आणि माझ्या हातात परत दिलं. आवाजात राग नव्हता. “दुकान में रखो, अदी. अच्छा बिकेगा.”

माफी मागायला मी तोंड उघडलं होतं. मला हिंदीत ‘माफ करना’ म्हणता येतं. टांगेवाल्याला धक्का लागला तरी म्हणता येतं. तिथे ते दोन शब्द मला सापडले नाहीत. मी बाळाच्या पायाला हात लावला आणि बाहेर आले.

शालन स्टेशनवर पोचवायला आली. गाडीला दहा मिनिटं होती. चिंध्यांचं गाठोडं माझ्या पिशवीत वरच होतं. आपल्याकडे दुपट्याच्या पोटात नवं कापड घालत नाहीत, जुनं, धुऊन धुऊन विरलेलंच घालतात, ते बाळाला टोचत नाही. हे आईने मला शिकवलं होतं. या तिघी आता नवं दुपटं करायला घेणार हेही मला ठाऊक होतं. शालनच्या फळीवर लाल-पिवळ्या दोऱ्यांच्या लडी धुऊन, विंचरून ठेवलेल्या मी बघितल्या होत्या. गाठोडं तिच्या हातात ठेवायचं एवढंच काम होतं. मी पिशवीत हातही घातला. पण इतकं भांडून मिळवलेलं असं सोडून कसं द्यायचं, हा विचार मध्ये आला, आणि मी पिशवीतून पापडाची पुडी काढून तिला दिली. म्हटलं, मुलांना खायला घाल.

परवा शालनचं पत्र आलं. या तीन वर्षांत त्यांनी नवं दुपटं पुरं केलं. सांगाडा तिने घातला, चांदण्या गोपी आंटीने भरल्या, आता तिला अजिबात दिसत नाही. पोटात बुधीचं लुगडं आहे, गोपीच्या नवऱ्याचे सदरे आहेत, शालनची पातळं आहेत. मधोमध तो गुलाबी तुकडा पुन्हा लावला. चार मुलं त्यात निजून मोठी होऊ लागली. शिवून बंद करायच्या आधी बुधीने विचारलं होतं म्हणे, तुमच्या आईचं काही हाय का यात घालायला. शालनने सांगितलं, नाही.

तिने खरं तेच सांगितलं. आईचं जे काही होतं ते सगळं इथे, माझ्या दुकानाच्या वरच्या फळीवर, एका पंचात बांधलेलं आहे. एक धागाही तिकडे राहिलेला नाही.